बरं वाटायलंय

आत्यानं भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि तशीच बसून राहिली. करपल्याचा वास बाहेरच्या बाकांपर्यंत पोचला.

"आक्का, भाकरी!" कुणीतरी ओरडलं.

मी आत धावले. दोन्ही हात पिठात तसेच ठेवून ती भिंतीला टेकली होती. डोळे उघडे होते, पण ते मला बघत नव्हते.

"आत्या, काय झालं?"

"काय न्हाई गं लीले. पाठीत धरलंय. ती भाकरी उलट आधी." एवढं बोलून ती मोरीकडं वळली आणि ओकली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यामुळं नुसतं पिवळं पाणी पडलं.

महादेवीआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. मिरजेत हॉस्पिटलच्या फाटकासमोर, रस्ता ओलांडला की तिची लिंगायत खानावळ होती. आमचे मामा, म्हणजे तिचे यजमान, ऐन तरुणपणी गेले तेव्हा तिचा मुलगा मल्लू कडेवर होता. तेव्हापासून ती चुलीपुढं बसली होती. मी अथणीहून बीएड करायला आले आणि खानावळीच्या मागच्या खोलीत राहू लागले. कॉलेजातून आले की वाढायला मदत करायची, एवढंच माझं काम.

गिऱ्हाईक म्हणजे सगळे पेशंटचे नातेवाईक. जतचे, जमखंडीचे, कागवाडचे. धोतर नेसलेले म्हातारे, कडेवर पोर घेतलेल्या बायका. आत्या त्यांना नाव विचारत नसे, पण भाकरी कशी मोडतात त्यावरून आत त्यांचं माणूस कसं आहे ते आपल्याला कळतं, असं म्हणायची. "त्या कोपऱ्यातल्या माणसाला आज भात वाढ. भाकरी गिळवायची न्हाई त्याला," असं ती आतूनच सांगायची आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस दिसायचा नाही.

त्या दुपारी मी तिला धरून रस्ता ओलांडला. पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. फाटकाशी ती थांबली.

"लीले, मी या फाटकातनं आत डबा घेऊन गेलेय. अशी कधी गेले न्हाई."

"तपासून परत यायचंय, आत्या."

तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि आत पाऊल टाकलं.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली आणि तासाभरात सगळ्यांची चालण्याची गती बदलली. दोन्ही मूत्रपिंडं फुगली होती, लघवी खाली उतरतच नव्हती. रक्तात विष साठलं होतं. त्याच संध्याकाळी डॉक्टर अकिवाटेंनी तिच्या दोन्ही लघवीच्या नळ्यांत आतून बारीक प्लॅस्टिकच्या नळ्या सरकवल्या. उजवीकडची सहज गेली. डावीकडं त्यांना फार झगडावं लागलं.

डॉक्टर सुकुमार अकिवाटे मूत्ररोगाचे सर्जन. शिकत होते तेव्हा कैक वर्षं आत्याच्याच बाकावर जेवलेले. अजूनही तिला आक्का म्हणायचे आणि ती त्यांना सुकुमार.

पुण्याहून मल्लू आला त्या दिवशी त्यांनी आम्हाला तिच्या खाटेपाशीच बसवलं. "आक्कांना न सांगता मी काही करणार नाही," म्हणाले. मग एका कागदावर पाठीचा कणा काढला, त्याच्या पुढून जाणारी मोठी रक्तवाहिनी काढली आणि तिच्याभोवती पेन गोल गोल फिरवत राहिले. रेघांचा काळा गोळा झाला.

"पोटाच्या मागच्या अंगाला हा असा थर तयार झालाय. जखम भरल्यावर वण कसा घट्ट होतो, तसा. पण इथं जखमच नाही. का होतं ते नीट कळलेलं नाही. फार कमी लोकांना होतं हे. हा वण वाढत जातो आणि जे सापडेल ते आवळतो. आक्कांच्या लघवीच्या दोन्ही नळ्या त्यानं आवळल्यात."

"कॅन्सर हाय काय?" आत्यानं विचारलं.

"तेच मला शंभर टक्के सांगता येत नाही. फोटोत दोन्ही सारखंच दिसू शकतं. म्हणून दोन वाटा आहेत. एक, ऑपरेशन. पोट उघडायचं, त्या थरातला तुकडा तपासायला घ्यायचा, नळ्या सोडवायच्या आणि पुन्हा आवळल्या जाऊ नयेत म्हणून पोटातल्याच चरबीच्या पदरात गुंडाळून ठेवायच्या. मोठं ऑपरेशन आहे, रक्तवाहिनी अगदी लगत आहे. खोटं सांगत नाही."

"आणि दुसरी?" मल्लू म्हणाला.

"स्टिरॉइडच्या गोळ्या. खूप महिने. बऱ्याच जणांचा थर त्यानं वितळतो. आत घातलेल्या नळ्या तोवर ठेवायच्या आणि तीन महिन्यांनी बदलायच्या. पण तुकडा तपासल्याशिवाय गोळ्या चालू करायला माझं मन घेत नाही. सुईनं तुकडा घ्यावा तर जागा अडचणीची आहे."

आत्यानं पदर सारखा केला. "गोळ्या दे."

"आक्का, थोडा विचार करा."

"केला. कापायचं न्हाई. सुकुमार, तू माझ्या हातचं जेवलायस. मी तुला कधी शिळं वाढलं काय? कधी न्हाई. मग मी नको म्हणते ते माझ्या पोटात घालू नको."

डॉक्टरांनी त्या कागदाची घडी घातली. मल्लूनं आईचा हात धरला. "अव्वा म्हणते तसंच करू डॉक्टर. गोळ्यांनी होत असेल तर कशाला चिरायचं?" त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. मलाही, खरं सांगायचं तर, हायसंच वाटलं होतं.

व्हरांड्यात डॉक्टरांनी मला एकटीला थांबवलं.

"तू तिच्याजवळ राहतेस ना? मग ऐक. गोळ्यांनी तिला बरं वाटेल. लगेच वाटेल. मला त्याचीच भीती आहे."

"बरं वाटण्याची?"

"एका जातीचा कॅन्सरसुद्धा या गोळ्यांनी काही दिवस दबतो. माणूस हसायला लागतं आणि आत ते वाढतच असतं. आणि कॅन्सर नसला तरी मूत्रपिंड मरताना ओरडत नाही. दुखत नाही म्हणजे ठीक आहे असं धरू नको. दर महिन्याला रक्त आणि सोनोग्राफी. तिला आणायचं काम तुझं."

गोळ्या चालू झाल्या आणि चारपाच दिवसांतच आत्या उठून बसली. पाठीतली कळ गेली, ओकारी थांबली. ज्या बाईला आमटीचा वास सहन होत नव्हता ती दोन भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि वर दही खाऊन "आणि काय हाय?" विचारू लागली. घरी आली ती थेट चुलीपुढं बसली. गिऱ्हाइकं खूश झाली. मल्लू पुण्याला परत गेला, फोनवर सारखा "अव्वाचा आवाज किती खणखणीत लागतोय" म्हणायचा.

आवाज खरंच खणखणीत होता. चेहरा गोल झाला, गाल लाल दिसू लागले. शेजारच्या बायका म्हणायच्या, आक्का, तुम्ही तरुण झालात. ती भांडी घासून ठेवलेली पुन्हा घासायची, एका जागी बसायची नाही. झोप तर तिची उडालीच होती. कुणाशी बोलता बोलता एकदम चिडायची, मग स्वतःच हसायची. मला ते हसू बघवायचं नाही. डॉक्टरांचं वाक्य कानात बसलं होतं.

पहिल्या महिन्याला ती माझ्याबरोबर आली. रक्त सुधारलं होतं. दुसऱ्या महिन्याला म्हणाली, "बाजार हाय आज." पुढच्या आठवड्यात म्हणाली, "अमावास्या हाय." मी डॉक्टरांचं नाव काढलं की एकच उत्तर यायचं.

"बरं वाटायलंय की मला. बरं वाटायलंय त्याला डॉक्टर कशाला?"

"नळ्या बदलायच्यात, आत्या. तीन महिने होत आले."

"बदलू की. पळून जातायत काय त्या?"

तीन महिने होऊन गेले. मल्लूला फोन केला तर तो म्हणाला, "लीला, तू उगाच घाबरवतेस तिला. ती काम करतेय, जेवतेय, आणि काय पाहिजे?"

मग एके दिवशी माझं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. ती मल्लूच्या जुन्या चपला घालून अंगणात वावरत होती. मोठ्या, पुरुषी, टाच मागं लोंबणाऱ्या. तिच्या स्वतःच्या चपला बाजेखाली सरकवून ठेवल्या होत्या. लुगडं नेहमीपेक्षा खाली, घोटे झाकतील असं नेसलेलं.

मी काही न बोलता खाली बसले आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. मी अंगठा काढला तरी तो तसाच राहिला.

"कधीपासून?"

"उभं राहून राहून होतंय ते."

"लघवी किती होते?"

"कुणी असं विचारतंय काय मोठ्या माणसाला?" ती चिडून आत गेली.

दुपारची पंगत उठल्यावर मी खानावळीचं दार लोटून घेतलं आणि तिच्यासमोर बाकावर बसले.

"आत्या, तू तिकडं जायला का घाबरतेस ते मला सांग. नाहीतर मी आत्ता मल्लूला बोलावून घेते आणि दोघं मिळून उचलून नेतो तुला."

तिनं समोरचा ओला बाक पुसून काढला. मग फडकं बाजूला ठेवलं.

"तिथं, तू बसलीस तिथं, जमखंडीचे एक मास्तर बसायचे. बायकोच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं. महिनाभर जेवले. रोज म्हणायचे, उद्या सोडतील. एक दिवस आले, ताटाला हात लावला न्हाई, नुसते बसले. मला कळलं. त्या दाराशी जतचं नवराबायको बसायचं, त्यांच्या पोराचं पोट तीनदा उघडलं. तीनदा, लीले. कागवाडचा तो म्हातारा, त्याचा भाऊ. शिरोळची ती पोरगी, तिची आई. सगळी कापलेली माणसं. इतकी वर्षं मी हेच बघतेय. माझ्याइतकं त्या फाटकातलं कुणाला माहीत हाय? डॉक्टर आत असतात. बाहेर येऊन रडतात ती माझ्यापुढं." तिनं माझ्याकडं बघितलं. "चिरलेलं माणूस नीट होत न्हाई. मी बघितलंय म्हणून सांगते. डोळ्यांनी बघितलंय."

ती खोटं बोलत नव्हती. त्यातल्या दोघातिघांना मीही वाढलं होतं. मी तशीच उठले, रस्ता ओलांडला आणि अकिवाटेंच्या दाराबाहेर बसून राहिले. आत बोलावल्यावर पाय सुजल्याचं सांगितलं आणि मग तिचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते पेन टाकून उठले. अंगावरचा पांढरा कोटही काढला नाही.

खानावळीत येऊन ते बाकावर बसले. "आक्का, भूक लागलीय."

आत्यानं त्यांच्याकडं एकदा, माझ्याकडं एकदा बघितलं. मग ताट वाढलं. उरलेली भाकरी, झुणका, कांदा. ते खरंच जेवले, घाई न करता.

"आक्का, मी इथं जेवत होतो त्या वर्षांत आमच्या वॉर्डात रोज ऑपरेशनं व्हायची. त्यांचे नातेवाईक तुमच्याकडंच यायचे?"

"मग कुठं जातायत? समोर माझंच हाय."

"ज्यांचं सगळं सुरळीत व्हायचं, ते किती दिवस यायचे?"

"काय की. चारआठ दिवस येतात. मग यायचे बंद होतात."

"कुठं जातात?"

"कुठं म्हणजे? गेले... आपापल्या..." ती अडखळली.

ताटातला शेवटचा घास डॉक्टरांनी झुणक्यात फिरवला.

"महिना महिना जेवायला कोण राहतं, आक्का? ज्यांचं बिघडलंय ते. तुम्ही त्यांना ओळखता, त्यांचं दुःख तुम्हाला पाठ आहे. बाकीचे पेशंट घेऊन घरी गेले. ते परत येऊन तुम्हाला कशाला सांगतील?"

आत्याच्या हातात भाकरीची टोपली होती. ती तिनं खाली ठेवली. बाकांच्या त्या दोन रांगांकडं ती अशी बघत होती, की जणू कुणीतरी तिथून नुकतंच उठून गेलंय.

"मी कधी विचारलंच न्हाई," ती म्हणाली. "उद्या येणार न्हाईत म्हणजे संपलं असंच धरायची मी. भाकऱ्या कमी करायची."

"मी वाचवीन असं म्हणत नाही. उशीर झालाय, तो किती ते बघितल्यावर कळेल. पण नाही म्हणायचं तर खऱ्या कारणासाठी म्हणा."

ती उठली. मल्लूच्या चपलांत पाय घातले. "चल," म्हणाली. मला वाटलं मला म्हणाली, पण ती डॉक्टरांना म्हणत होती.

उशीर बराच झाला होता. न बदललेल्या दोन्ही नळ्यांवर क्षार जमून त्या बंद पडल्या होत्या. डावं मूत्रपिंड पातळ, कागदासारखं झालं होतं. काही न दुखता, काही न सांगता, ती चुलीपुढं हसत भाकऱ्या थापत होती त्याच दिवसांत कधीतरी ते संपलं होतं. आणि गोळ्यांनी थर वितळला नव्हता. तो वर सरकला होता.

"म्हणजे तोच?" मी विचारलं. कॅन्सर हा शब्द मला उच्चारवेना.

"माहीत नाही. तुकडा बघितल्याशिवाय माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. या वेळी त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

आधी पाठीतून नळी घालून उजवं मूत्रपिंड मोकळं केलं. खाटेच्या कडेला पिशवी लोंबू लागली. रक्त जरा निवळल्यावर ऑपरेशन ठरलं. स्ट्रेचर आत नेताना मल्लू रडत होता. आत्या त्याला म्हणाली, "जा, जेवून ये. कडप्पाला सांग, आज पिठलं पातळ करू नको." कडप्पा आमचा आचारी. मग माझ्याकडं वळली. "लीले, मी न्हाई आले तर..."

"आत्या, गप की."

"ऐक. मी न्हाई आले तर सुकुमारला बोल लावू नको. सगळं मीच माझ्या मनानं केलंय."

दार बंद झालं. सकाळची दुपार झाली. आमच्या शेजारी बसलेले लोक एकेक करून आत बोलावले गेले, काही हसत बाहेर आले, काही आलेच नाहीत. मल्लू सारखा म्हणत होता, "मीच गोळ्या म्हणालो, लीला. मीच." मी त्याला नाही म्हणाले नाही आणि हो पण म्हणाले नाही. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. एकदा नर्स रक्ताच्या पिशव्या घेऊन पळत आत गेली. आम्ही दोघंही उभे राहिलो आणि पुन्हा बसलो.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. मास्कच्या दोऱ्यांचे वळ गालांवर उठले होते. ते आमच्या शेजारी बाकावरच बसले.

"आत पांढरंफटक होतं सगळं. भिंतीला गिलावा केल्यासारखं. कुठून सुरुवात करायची तेच कळेना. डावं मूत्रपिंड काढावं लागलं. उजवी नळी सोडवलीय, गुंडाळून ठेवलीय. मध्येच एक शीर फुटली होती, बांधली." त्यांनी गाल चोळले. "तुकडा पाठवलाय."

त्या तुकड्याचं उत्तर यायला लागले ते दिवस मला अजून आठवतात ते फक्त वासांनी. डेटॉल, भिजलेलं प्लॅस्टर, आणि माझ्याच अंगाला येणारा झुणक्याचा वास. आत्या शुद्धीवर आली होती.

डॉक्टर आले ते दारातूनच बोलले. "कॅन्सर नाही."

मल्लू खाली बसला. आत्यानं डोळे मिटले. "पण हा रोग पुरता जात नाही," डॉक्टर पुढं म्हणाले. "आता गोळ्या चालतील, जोडीला आणखी एक औषध देईन. पुन्हा उठला तर पुन्हा बघू. आता एकच मूत्रपिंड आहे, आक्का. एकही महिना चुकवायचा नाही."

"न्हाई चुकवत," आत्या म्हणाली. आणि चुकवला नाही.

ती पुन्हा चुलीपुढं बसली तेव्हा वाळून निम्मी झाली होती. त्या पहिल्या दिवसांत गडहिंग्लजचा एक माणूस हात धुऊन निघाला होता, बायकोला घरी सोडत होते म्हणे. आत्या आतून उठून दारापर्यंत गेली.

"भाऊ, घरी पोचलात की एक फोन करा. हा नंबर घ्या."

तो गोंधळला. "कशाला, आक्का?"

"कळायला पाहिजे मला. आठ दिवसांनी एकदा, महिन्यानं एकदा. कशी हाय तेवढं सांगा."

पुढं ती प्रत्येकालाच सांगू लागली. सगळेच फोन करत नसत. ज्यांचा येत नसे त्यांच्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण फोन यायचे. मुलगी चालायला लागली, बाबा शेतात गेले, टाके काढले. एखाद्या दिवशी नुसतं "आक्का, गेला ओ" एवढंच यायचं. ती फोन कानाला तसाच धरून पलीकडचं रडणं संपेपर्यंत उभी राहायची.

नऊ वर्षं तिनं अशी काढली. रोग दोनदा उठला, गोळ्यांनी दोनदा बसला. तिसऱ्यांदा तो मोठ्या रक्तवाहिनीकडून वर गेला, आणि उजव्या मूत्रपिंडानंही हात टेकले. डायलिसिसला ती स्वतः चालत रस्ता ओलांडून जायची. त्या वर्षीच्या श्रावणात, एका सोमवारी, ती तिथंच गेली.

तेव्हा मी सांगलीत शिकवत होते. तिचे दिवस झाल्यानंतर खानावळ आवरायला मल्लू आणि मी आलो होतो. बाक उलटे करून भिंतीला लावले होते, कडप्पा चूल फोडत होता. फोन वाजला. मी उचलला.

"आक्कांची खानावळ काय? मी इंडीहून बोलतोय. मागल्या महिन्यात तिथं जेवायला होतो बघा, उंच, चष्म्यावाला. आमच्या आईचं ऑपरेशन होतं. आक्कांनी फोन करा म्हणून सांगितलं होतं. राहून गेला. रागावल्या असतील काय?"

"नाही. नाही रागावल्या."

"आई बरी आहे म्हणून सांगा त्यांना. काल देवळापर्यंत चालत गेली. सांगाल ना?"

मल्लू चुलीपाशी थांबून माझ्याकडं बघत होता.

"सांगते," मी म्हणाले.